रंग गावाचेच

क्लीव्हलंड ब्राऊन्स या संघाला शाप आहे, असे अमेरिकेत सर्रास म्हटले जाते. टीव्हीवरचे समालोचक म्हणतात, शेजारीपाजारी म्हणतात, आणि हल्ली माझा नातूही म्हणू लागला आहे. मला ते मान्य नाही. शाप म्हटला की कोणाला जाब विचारायचे कारणच उरत नाही. आज या संघाची जी दशा आहे तिला तारखा आहेत. त्या तारखांना कागदांवर सह्या झाल्या आहेत, आणि सह्या करणाऱ्यांची नावे जगजाहीर आहेत. चाळीस वर्षे मी या गावात राहते. त्यातली बरीचशी इथल्या ग्रंथालयात गेली, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म सांभाळणे हे माझे काम होते. त्यामुळे जुनी हकीकत मी ऐकून नव्हे, वाचून सांगते आहे. १९८५ पासूनची तर डोळ्यांदेखत घडली.

माझे माहेर कोल्हापूरचे. तिथे फुटबॉल म्हणजे पेठांचा खेळ. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे आमच्या घरात जेवताना निघायची, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की गल्ली ओस पडायची. संघ तालमीचा आणि तालीम पेठेची. असा संघ कोणी विकत घेऊन दुसऱ्या गावी नेईल, हे तिथे कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. १९८४ साली लग्न होऊन क्लीव्हलंडला आले तेव्हा संघ आणि गाव यांच्या नात्याची माझी कल्पना ही अशी होती. ती मी अजून सोडलेली नाही.

इथला फुटबॉल निराळा. अकरा-अकरा जणांचे संघ, शंभर यार्डांचे मैदान. ज्याच्याकडे चेंडू, त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकला तर पुन्हा नवे चार प्रयत्न. चेंडू घेऊन शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, सहा गुण. तेवढे जमत नसेल तर चेंडू लाथेने दोन खांबांमधून मारायचा, तीन गुण. चेंडू कोणाला द्यायचा, कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा तो क्वार्टरबॅक. सगळा संघ त्याच्या जिवावर उभा असतो. एवढे कळले की पुढचे सगळे कळते.

माझे यजमान धातुशास्त्राचे. कायहोगा नदीच्या काठच्या पोलाद कारखान्यात त्यांना नोकरी होती. तिथले एक वयस्कर फोरमन, पोलिश वंशाचे, पार्मा उपनगरात आमच्याच गल्लीत राहायचे. त्यांनी आम्हाला पहिल्यांदा सामन्याला नेले. जुने म्युनिसिपल स्टेडियम ईरी सरोवराच्या अगदी काठावर होते, १९३१ साली उघडलेले, पाऊण लाखाहून जास्त माणसे मावतील एवढे. लोखंडी खांब नजरेआड येत आणि सरोवरावरून वारा असा येई की तीन स्वेटर घालूनही दात वाजत. फोरमन मला म्हणाले, इथे जिंकणे-हरणे नंतर, आधी उभे राहायला शिक. ते स्वतः १९४६ च्या पहिल्या सामन्याला हजर होते. गोष्ट तिथूनच सुरू करायला हवी.

खरे तर त्याच्याही आधी एक संघ होता, क्लीव्हलंड रॅम्स. १९४५ च्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेपद या रॅम्सनी मिळवले आणि महिन्याभरात मालकाने सगळा गाशा गुंडाळून संघ लॉस एंजेलिसला नेला. विजेता संघ गाव सोडून गेला. ही जखम ओली असतानाच नवा संघ मैदानात उतरला. टॅक्सीच्या धंद्यात पैसा केलेल्या मिकी मॅकब्राइड यांनी तो नव्या स्पर्धक लीगमध्ये क्लीव्हलंडसाठी काढला होता आणि पॉल ब्राऊन नावाच्या प्रशिक्षकाच्या हाती सोपवला होता. संघाला नावही त्यांचेच मिळाले. ६ सप्टेंबर १९४६ रोजी साठ हजारांवर लोकांसमोर पहिला सामना झाला. मायामीचा संघ ४४-० असा हरला.

पॉल ब्राऊन हे शेजारच्या मॅसिलन गावचे. तिथल्या हायस्कूलच्या संघाला शिकवून त्यांनी नाव कमावलेले. आज या खेळात जे जे नेहमीचे वाटते त्यातले बरेच त्यांनी रुळवले. सामन्याच्या फिल्म बसून पाहणे, खेळाडूंना वर्गात बसवून वही-पेन्सिल देऊन डावपेच शिकवणे, चाळीस यार्डांची धाव घड्याळ लावून मोजणे, प्रत्येक डाव बाहेरून निरोप्याकरवी पाठवणे, हे सगळे त्यांचे. त्यांचे सर्वांत मोठे काम मात्र वेगळे होते. व्यावसायिक फुटबॉलमध्ये बारा-तेरा वर्षे एकही काळा खेळाडू नव्हता. १९४६ साली पॉल ब्राऊननी बिल विलिस आणि मॅरियन मॉट्ली या दोघांना संघात घेतले. बेसबॉलमधल्या जॅकी रॉबिन्सनचे नाव जगाला माहीत आहे; तो त्यानंतर वर्षाने मैदानात उतरला. मायामीतल्या सामन्याला या दोघांना नेता आले नाही. तिकडे वर्णभेदाचे नियम होते आणि धमक्याही आल्या होत्या. पुढे दोघेही कॅन्टनच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. ते संग्रहालय क्लीव्हलंडपासून तास-दीड तासावर आहे. माझ्याकडे भारतातून कोणी आले की मी त्यांना नायगाऱ्याच्या आधी तिथे नेते आणि मॉट्लीच्या पुतळ्यासमोर उभे करते.

पहिली चार वर्षे ब्राऊन्सनी त्या नव्या लीगमध्ये दुसऱ्या कोणाला विजेतेपद मिळू दिले नाही. १९४८ मध्ये तर एकही सामना हरले नाहीत. मग ती लीग बंद पडली आणि १९५० साली ब्राऊन्स मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये आले. गल्लीतले पहिलवान आता खऱ्या आखाड्यात उतरणार म्हणून लोक मजा बघायला बसले होते. पहिलाच सामना गतविजेत्या फिलाडेल्फियाशी, त्यांच्याच गावात. ब्राऊन्सनी तो ३५-१० असा जिंकला. त्याच वर्षी २४ डिसेंबरला अंतिम सामना झाला तो लॉस एंजेलिस रॅम्सशी, म्हणजे गाव सोडून गेलेल्या त्याच संघाशी. शेवटच्या अर्ध्या मिनिटात लू ग्रोझाने फील्ड गोल मारला आणि ३०-२८ असे आम्ही जिंकलो. ‘आम्ही’ म्हणते आहे, कारण फोरमन हा प्रसंग सांगताना ‘आम्ही’च म्हणायचे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

१९४६ ते १९५५ अशी सलग दहा वर्षे हा संघ अंतिम सामन्यात होता आणि सात वेळा जिंकला. ऑटो ग्रॅहम हा क्वार्टरबॅक त्या दहाही सामन्यांत खेळला. ज्याला लोक आज शापित म्हणतात तो हा संघ.

आणि ते गावही तेव्हाचे लक्षात घ्यावे. १९५० च्या जनगणनेत क्लीव्हलंडची वस्ती नऊ लाख चौदा हजार होती. पोलादाच्या भट्ट्या रात्रंदिवस चालत. पोलिश, हंगेरियन, स्लोव्हेनियन, इटालियन, आणि दक्षिणेतून आलेले काळे कामगार, सगळे पाळी संपवून एकाच स्टेडियमवर येत. २०२० च्या जनगणनेत ही वस्ती पावणेचार लाखांवर आली आहे. १९६९ साली नदीवरच्या तेलकट तवंगाला आग लागली, १९७८ साली महापालिकेने कर्ज थकवले, एकेक गिरणी बंद होत गेली. यजमानांच्या कारखान्यात टाळेबंदीच्या अफवा सुरू झाल्या तेव्हा रविवारचा सामना हीच आठवड्यातली एक खात्रीची गोष्ट राहिली होती. हे सांगते आहे कारण या संघाचा लळा बाहेरच्याला कळत नाही. लोक गाव सोडून फ्लोरिडाला, टेक्सासला गेले, पण जाताना ब्राऊन्सचे वेड बरोबर घेऊन गेले. आज देशोदेशी या संघाच्या चाहत्यांची मंडळे आहेत.

आता पहिल्या सहीकडे येते. १९६१ साली जाहिरातीच्या धंद्यातले आर्ट मॉडेल यांनी संघ सुमारे चाळीस लाख डॉलरला विकत घेतला. दोन वर्षांच्या आत, जानेवारी १९६३ मध्ये, त्यांनी पॉल ब्राऊन यांना काढून टाकले. ज्याचे नाव संघाला आहे, त्यालाच. मी ग्रंथालयात नवीन होते तेव्हा ही बातमी मुळातून वाचावी म्हणून ‘प्लेन डीलर’ची त्या महिन्याची रीळ शोधायला गेले. डबीवर नोव्हेंबर १९६२ चे लेबल, आणि पुढच्या डबीवर थेट एप्रिल १९६३. मला वाटले मधली डबी गहाळ झाली. वरिष्ठांनी सांगितले की गहाळ काही नाही. त्या हिवाळ्यात क्लीव्हलंडच्या दोन्ही वर्तमानपत्रांत संप होता, छापलेच गेले नाही. गावातल्या सर्वांत मोठ्या माणसाची हकालपट्टी झाली आणि गावाच्या वर्तमानपत्रात त्याची एक ओळही नाही! जाब विचारायला अग्रलेख नाही, वाचकांची पत्रे नाहीत. मालकाने ती वेळ मुद्दाम साधली असे अनेक जुने लोक मानतात. मुद्दाम साधली असो वा नसो, त्या रिकाम्या जागेचा फायदा त्यांना झाला हे मात्र खरे.

लगेच काही कोसळले नाही, कारण माणसे पॉल ब्राऊन यांनीच घडवलेली होती. जिम ब्राऊनसारखा धावपटू या खेळात पुन्हा झाला नाही असे माझे ठाम मत आहे. नऊ मोसम, त्यातल्या आठांत लीगमध्ये सर्वांत जास्त यार्ड त्याचे, आणि एकही सामना न चुकवता. २७ डिसेंबर १९६४ रोजी सरोवराकाठी अंतिम सामना झाला. समोर जॉनी युनायटसचा बाल्टिमोर कोल्ट्स. सगळ्यांनी कोल्ट्सच जिंकणार असे धरलेले. मध्यंतराला ०-०. मग ग्रोझाचे दोन फील्ड गोल, आणि फ्रँक रायनने गॅरी कॉलिन्सकडे फेकलेले तीन टचडाउन. २७-०. हा रायन पुढे गणितात डॉक्टरेट मिळवून प्राध्यापक झाला. दुसऱ्या दिवशीच्या अंकाची प्रत काढून मागायला ग्रंथालयात दर डिसेंबरला कोणी ना कोणी येई. वडिलांच्या वाढदिवसाला फ्रेम करून द्यायची असे. त्या पानाच्या प्रती मी इतक्यांना काढून दिल्या आहेत की मथळ्याची जागा मला डोळे मिटून सांगता येईल. त्यानंतर ब्राऊन्सना विजेतेपद मिळालेले नाही. आजचा अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल, सुरू झाला १९६७ मध्ये. त्यात हा संघ एकदाही पोचलेला नाही.

मी पाहिलेला काळ म्हणजे १९८५ नंतरचा. बर्नी कोसार हा यंगस्टाउनजवळच्या बोर्डमनचा मुलगा. ड्राफ्टच्या, म्हणजे नवे खेळाडू संघांत वाटून देण्याच्या, नियमांतून वाट काढून, स्वतःहून तो ब्राऊन्सकडे आला. मोठमोठ्या शहरांकडे धावणारे खेळाडू खूप पाहिले. हा क्लीव्हलंडला यायचे म्हणून धडपडला. लोकांनी त्याला पोटच्या पोरासारखे डोक्यावर घेतले. स्टेडियमच्या पूर्वेच्या टोकाला स्वस्त बाकांवर बसणारे लोक कुत्र्यांचे मुखवटे घालून भुंकू लागले, त्या जागेला ‘डॉग पाउंड’ नाव पडले, ते त्याच वर्षी.

११ जानेवारी १९८७. सुपर बोलच्या उंबरठ्यावर, डेन्व्हरविरुद्ध आम्ही २०-१३ पुढे. साडेपाच मिनिटे उरली होती आणि डेन्व्हरचा चेंडू त्यांच्याच रेघेपासून दोन यार्डांवर. जॉन एल्वेने तिथून ९८ यार्ड चेंडू नेला आणि बरोबरी केली. जादा वेळेत आम्ही हरलो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच डेन्व्हर, या वेळी त्यांच्या गावात. मध्यंतराला २१-३ असे मागे पडलेल्या ब्राऊन्सना अर्नेस्ट बायनरने जवळजवळ एकट्याने परत आणले. १२० यार्ड झेल घेऊन, ६७ यार्ड धावून, दोन टचडाउन. ३८-३१ असे मागे असताना, मिनिटभराच्या आसपास वेळ उरलेली, चेंडू पुन्हा त्याच्याकडे आला. डावीकडून तो आत घुसला. टीव्हीवर आम्हाला तो रेघेपलीकडे गेल्यासारखा दिसला आणि आमच्या बैठकीच्या खोलीत सगळे उभे राहिले. चेंडू मात्र मागेच पडला होता. जेरेमाया कॅस्टिलने तो दोन यार्ड आधी हातातून हिसकला होता. त्या कॅस्टिलला अडवायचे काम दुसऱ्या खेळाडूचे होते आणि ते झाले नाही, असे प्रशिक्षक मार्टी शॉटनहायमर यांनी पुढे सांगितले. पण देशभर नाव खराब झाले ते बायनरचे.

हा अन्याय आहे, आणि तो मला आजही सहन होत नाही. त्या दिवशी बायनर नसता तर सामना मध्यंतरालाच संपला होता. शापाची भाषा करणारे नेमके हे दोन प्रसंग पुढे करतात. मैदानावर चेंडू निसटतो, समोरचा खेळाडू एखाद्या दिवशी अलौकिक खेळतो. अशी हार मान वर करून सोसता येते. या दोन हारींनी संघ संपला नाही. संघ संपला तो एका विमानात झालेल्या सह्यांनी.

१९७० च्या दशकात मॉडेल यांनी स्टेडियमच चालवायला घेतले होते. बेसबॉलचा संघ त्यांचा भाडेकरू. १९९४ मध्ये बेसबॉलवाले नव्या मैदानात गेले आणि ते उत्पन्न आटले. त्या नव्या मैदानाच्या योजनेत या म्हणून मॉडेल यांनाही विचारले होते. त्यांनी नाही म्हटले. कर्ज वाढत गेले. शहराने जुन्या स्टेडियमच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरचा कर चालू ठेवण्याचा ठराव मतदानाला टाकला. मतदान होते ७ नोव्हेंबर १९९५ ला. ६ नोव्हेंबरला बाल्टिमोरमध्ये व्यासपीठावर उभे राहून मॉडेल यांनी संघ तिकडे नेत असल्याचे जाहीर केले. करारावर सह्या आधीच झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे मतदानाला गेलो. ठराव सुमारे ७२ टक्क्यांनी मंजूर झाला. गावाने आपला शब्द पाळला होता.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना १७ डिसेंबरला, सिनसिनाटी बेंगल्सशी झाला. बेंगल्स हा संघ १९६८ मध्ये कोणी काढला? पॉल ब्राऊन यांनीच. आम्ही वरच्या सज्ज्यात होतो. जाहिरातदारांनी पाठ फिरवली होती, भिंतींवरच्या पाट्या काढलेल्या किंवा रंगवून टाकलेल्या. लोक कोटाच्या आत करवती, पाने, हातोड्या लपवून आले होते. तिसऱ्या भागापासून लाकूड कापल्याचा आवाज सगळीकडून येऊ लागला. आमच्या पुढच्या रांगेत एक बाई होती, साठीची असावी. तिने पर्समधून पाना काढला, बाकाचे बोल्ट ढिले केले, आणि आपल्या आसनाची पिवळी फळी उचलून मांडीवर घेतली. ती म्हणाली, माझे वडील इथे बसायचे, हे मी त्या माणसाला देणार नाही. डॉग पाउंडकडून खुर्च्या मैदानात येऊन पडू लागल्या, तेव्हा पंचांना खेळ दुसऱ्या टोकाला न्यावा लागला. ब्राऊन्स २६-१० जिंकले. संपल्यावर खेळाडू आत गेले नाहीत. ते स्टँडकडे आले, कठड्यावर चढले, लोकांना मिठ्या मारून रडले. त्यांत बायनरही होता. तो मधे वॉशिंग्टनला जाऊन परत क्लीव्हलंडला आला होता.

यानंतर गावाने जे केले त्याचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे. महापौर मायकेल व्हाइट कोर्टात गेले. संघाचा स्टेडियमशी करार अजून संपला नव्हता. देशभरच्या चाहत्यांनी लीगच्या कचेरीवर पत्रांचा, फॅक्सचा भडिमार केला. ग्रंथालयात आम्ही लीगमधल्या संघमालकांचे पत्ते टाइप करून टेबलावर ठेवले होते. दुपारपर्यंत गठ्ठा संपायचा. फेब्रुवारी १९९६ मध्ये तडजोड झाली. मॉडेल खेळाडू आणि माणसे नेतील, पण ब्राऊन्स हे नाव, तपकिरी-नारिंगी रंग आणि १९४६ पासूनचा सगळा इतिहास क्लीव्हलंडमध्ये राहील, आणि १९९९ पर्यंत गावाला संघ परत मिळेल. असे अमेरिकेतल्या या खेळात आधी घडले नव्हते. कोल्ट्सनी १९८४ मध्ये रातोरात बाल्टिमोर सोडले तेव्हा नावही बरोबर नेले होते. मालकाकडे कागद असतो, पण संघाची ओळख गावाची असते, हे लीगला लेखी मान्य करावे लागले. जे कोल्हापुरात कोणाला सांगावेही लागत नाही, ते इथे वकील लावून मिळवावे लागले.

मॉडेल यांच्या संघाचे नाव रेव्हन्स झाले, आणि जानेवारी २००१ मध्ये त्यांनी सुपर बोल जिंकला. तो संघ उभारणारे ओझी न्यूसम हे आमच्याच जुन्या ब्राऊन्सचे लाडके खेळाडू. शेवटच्या पाच वर्षांतले आमचे प्रशिक्षक बिल बेलिचिक पुढे न्यू इंग्लंडला सहा वेळा विजेतेपद देऊन गेले. अक्कल इथे होती. ती ट्रकमध्ये भरून नेली गेली.

परत आलेला संघ घाईत जन्माला आला. मालक ठरला सप्टेंबर १९९८ मध्ये, आणि पहिला सामना पुढच्याच सप्टेंबरात. अॅल लर्नर हे नवे मालक. मॉडेल यांच्या स्थलांतराच्या सह्या ज्या खासगी विमानात झाल्या ते त्यांचेच. १९९५ मध्ये सुरू झालेल्या दोन नव्या संघांना तयारीला याच्या जवळपास दुप्पट वेळ मिळाला होता. १२ सप्टेंबर १९९९ ला पिट्सबर्गने आम्हाला ४३-० असे हरवले. मी स्टेडियममध्ये होते आणि शेवटपर्यंत बसले, कारण तीन वर्षे रविवारी काहीच नव्हते. पण पाया कच्चा राहिला तो राहिलाच. तेव्हापासून चाळिसाच्या आसपास क्वार्टरबॅक येऊन गेले. क्वार्टरबॅक टिम काउचची एक जर्सी, तिच्यावर पुढच्या प्रत्येक क्वार्टरबॅकचे नाव पट्टीवर लिहून चिकटवलेले, गावातल्या एका जाहिरात कंपनीच्या काचेत अनेक वर्षे होती. पट्ट्या पार कमरेच्या खाली गेल्या होत्या. लोक तिचे फोटो काढून हसत. मला हसू आले नाही, कारण त्यातल्या बहुतेक मुलांना धड दोन वर्षेही एक प्रशिक्षक लाभला नव्हता. रोपटे रुजायच्या आत उपटायचे आणि फळ धरत नाही म्हणायचे, हे किती दिवस चालणार?

२०१२ साली संघ जिमी हॅस्लम यांच्याकडे गेला. एका मोसमात प्रशिक्षक काढले, मग पुन्हा काढले. २०१६ मध्ये सोळातला एक सामना जिंकला, २०१७ मध्ये एकही नाही. जानेवारी २०१८ च्या कडाक्याच्या थंडीत हजारो चाहत्यांनी स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची मिरवणूक काढली आणि गरिबांच्या अन्नपेढीसाठी डबाबंद अन्न गोळा केले. मी गेले नाही, डबे मात्र पाठवले. २० सप्टेंबर २०१८ ला नवा क्वार्टरबॅक बेकर मेफील्ड मैदानात उतरला, जेट्सना २१-१७ असे हरवले, आणि ६३५ दिवसांनी विजय आला. रात्री पार्मात लोक गाड्यांचे हॉर्न वाजवत फिरत होते. १० जानेवारी २०२१ ला तर पिट्सबर्गला त्यांच्या मैदानावर ४८-३७! पहिल्याच डावात त्यांचा चेंडू क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे गेला आणि आमचा टचडाउन. मुख्य प्रशिक्षक केविन स्टेफान्स्की करोनामुळे घरी बसून पाहत होते. फोरमन आज असते तर, एवढेच मनात आले.

आणि मग मार्च २०२२ ची सही. ह्यूस्टनचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसन याच्यासाठी ड्राफ्टमधली तीन वर्षांची पहिल्या फेरीची निवड दिली आणि त्याला २३ कोटी डॉलरची पूर्ण हमी. त्याच्याविरुद्ध वीसहून जास्त स्त्रियांनी लैंगिक गैरवर्तनाचे दिवाणी दावे लावले होते. त्याने आरोप नाकारले आणि फौजदारी खटला उभा राहिला नाही, हेही नोंदवते. लीगने त्याला ११ सामन्यांची बंदी आणि ५० लाख डॉलर दंड केला. मी दोन मुलींची आई आहे. त्या वर्षी मी ब्राऊन्सची टोपीसुद्धा घातली नाही. गावातल्या अत्याचारपीडितांच्या केंद्राला अनेक चाहत्यांनी त्या आठवड्यात देणग्या पाठवल्या; आमच्या घरूनही गेली. खेळाच्या हिशेबानेही हा सौदा बुडीतच निघाला. २०२३ मध्ये ११ सामने जिंकून दिले ते मुख्यतः बचावफळीने आणि घरी बसलेल्या, अडतीस वर्षांच्या जो फ्लॅकोने. त्याला दुसऱ्या वर्षी जाऊ दिले आणि २०२४ मध्ये १४ सामने हरलो. मालकांनी पुढे जाहीरपणे कबूल केले की तो डाव फसला. कबुली चांगली, पण गेलेले ड्राफ्ट परत येत नाहीत.

आता नवी सही होते आहे. सरोवराकाठचे स्टेडियम सोडून विमानतळाजवळच्या ब्रूक पार्कमध्ये, फोर्डच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर, छप्पर असलेले स्टेडियम बांधायचे आहे. खर्चाचा अंदाज २४० कोटी डॉलर. त्यातले ६० कोटी राज्य देणार, लोकांच्या बेवारस पडून राहिलेल्या ठेवींतून. १९९६ मध्ये मॉडेल प्रकरणानंतर ओहायोने कायदा केला होता की सरकारी पैशावर उभ्या मैदानातून संघ हलवायचा तर सहा महिने आधी नोटीस द्यावी आणि गावातल्यांना तो विकत घेण्याची संधी द्यावी. २०२५ मध्ये त्या कायद्याची धार बोथट केली. आता तो राज्याबाहेर जाणाऱ्यांनाच लागू. शहर आधी लढले, मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सुमारे १० कोटी डॉलरवर तडजोड झाली.

ब्रूक पार्क माझ्या घरापासून जवळ आहे, पार्किंगही सोपे होईल. तरीही मी याच्या विरुद्ध आहे. जनतेचा पैसा घ्यायचा तर जनतेला संघात हिस्सा द्या. ग्रीन बेच्या संघाचे भागधारक सामान्य लोकच आहेत, आणि तो संघ शंभर वर्षांत कुठे गेला नाही. हिस्सा द्यायचा नसेल तर स्टेडियम स्वतःच्या खिशातून बांधा.

जुन्या जागेचा करार २०२८ च्या मोसमापर्यंत आहे. तुमचे मूल, भाचा, पुतणी ओहायोत शिकायला असेल तर त्यांना सांगा, एखाद्या डिसेंबरच्या रविवारी स्वस्तातले तिकीट काढून पूर्वेच्या टोकाला जाऊन बसा. लोकरी मोजे दोन जोड घाला. शेजारच्या माणसाला १९६४ बद्दल विचारा, तो सांगेल. आणि कोणी शापाची गोष्ट काढली, तर त्याला या सह्यांच्या तारखा सांगा.